ऐकणाराच्या मनावरील भार

वर्धा म्हटलें कीं सेवाग्राम डोळ्यांपुढें येतें. परंतु शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सरकारनें ज्या १४ जिल्ह्यांसाठीं २०१५ सालीं ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, त्यांतहि वर्धा आहेच. कापूस, कर्ज आणि पाऊस यांविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे. आम्हांस आज निराळ्या माणसाविषयीं लिहावयाचें आहे: मरणाची गोष्ट ज्याच्यापुढें बोलली जाते, त्या मानसोपचारकाविषयीं.

या प्रकल्पांत गांवची आशा-सेविका घरोघर विचारपूस करते, आणि खचलेल्या माणसास उपचाराची वाट दाखविते. पण तेथें पोंचलेला मनुष्य एकदम मनांतलें थोडेंच सांगतो! तो म्हणतो, झोंप नाहीं, डोकें भणभणतें, अन्न गोड लागत नाहीं. मग उपचारकास सरळ विचारावें लागतें, “मरून जावें असें वाटतें काय?” घरच्या वडीलधाऱ्यांस हा प्रश्न अभद्र वाटतो, विचारल्यानें नसतें खूळ डोक्यांत शिरेल अशी त्यांची भीति. संशोधन याच्या उलट सांगतें. विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं. बहुधा मनुष्य मोकळा होतो.

खरा पेंच पुढेंच. “घरीं सांगूं नका,” असें तो विनवितो. गुप्तता राखणें हा तर उपचारकाचा धर्म! परंतु घरांतलें कीटकनाशक कुलुपांत गेलें पाहिजे, रात्रीं कोणीतरी जवळ निजलें पाहिजे. आणि हें घरच्यांवांचून कसें घडावें? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा जिवास धोका असतां आवश्यक तेवढेंच सांगण्याची मुभा देतो. ‘तेवढें’ म्हणजे किती, हें मात्र त्या क्षणीं एकट्यानें ठरवावें लागतें. आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, पण एकान्त मुळींच नाहीं. एकास सांगितलेलें सायंकाळपर्यंत साऱ्या वाड्यास ठाऊक!

आणि सारें करूनहि मनुष्य हातचा गेला तर? अमेरिकेंत १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत सुमारें निम्म्या मनोविकारतज्ज्ञांवर व पांचांतील एकाहून अधिक मानसशास्त्रज्ञांवर हा प्रसंग आलेला आढळला. असा उपचारक शेवटचें संभाषण मनांत पुन्हां पुन्हां घोळवितो. आप्तांसारखें सुतक त्याला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं नवा रुग्ण दारांत उभा असतोच. कोणी मग इतका भितो कीं साध्या खिन्नतेलाहि रुग्णालयाची वाट दाखवितो. कोणी हें कामच सोडतो. अनुभवी सहकाऱ्यापाशीं नियमानें मन मोकळें करणें ही या धंद्यांतली चैन नसून गरज आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

श्रम मात्र वायां जात नाहींत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ योजनेच्या दीड वर्षांत खिन्नतेवर उपचार घेणारांचें प्रमाण शेंकडा ४ वरून २७ वर गेलें, आणि मरणाचे विचार येणारांचें शेंकडा ५ वरून अडीचवर आलें.

पूर्वीं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा गणला जात असल्यामुळें घरचे लोक खरें सांगण्यास कचरत. २९ मे २०१८ पासून अमलांत आलेला उपरोक्त कायदा अशा मनुष्यास तीव्र ताणानें ग्रासलेला मानतो व त्याची काळजी घेण्याचें कर्तव्य सरकारावर टाकतो. २०२२ च्या आक्टोबरांत सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याहि वेळीं, मराठींतूनहि, विनामूल्य बोलतां येतें, घरच्यांनींहि तेथें विचारावयास हरकत नाहीं.