पाण्याच्या तळाशी : शैवाल, गाळ आणि जीवसृष्टी

आपले ऊर्जानगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्राशी आपले नाते आहेच. आपली इरई नदी वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. आपल्याकडील माती, पालापाचोळा आणि शेतातील खत यांचा काही अंश या वाटेने नदीमुखाकडे जातो. तेथील चिखलात काय घडते हे आपण समजून घेतले, तर आपल्या गावच्या तलावाकडेही आपण वेगळ्या दृष्टीने पाहू.

नदीमुखातील गाळ निर्जीव वाटतो. प्रत्यक्षात त्यात कृमी, शिंपले, गोगलगायी आणि खेकडे राहतात. मासे व पाणपक्षी यांचे अन्न तेथेच तयार होते. मात्र मऊ गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच शिरतो. त्याखाली प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कुजणारे पदार्थ विघटित करतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. हे जिवाणू त्याचा वापर करून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू निर्माण करतात. गाळातील लोह त्यातील बराचसा भाग बांधून ठेवते. म्हणूनच खोलवरचा चिखल काळा दिसतो. बिळे करणारे कृमी व खेकडे वरचे पाणी आत खेळवतात आणि प्राणवायू खोलवर नेतात. तळाचे हे रहिवासी एका अर्थाने गाळाची नांगरणीच करीत असतात.

समुद्रशैवाल बेताने असेल, तर ते उपकारक ठरते. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडते आणि लहान जीवांना आसरा व अन्न देते. परंतु खते व सांडपाणी यांतून नत्र आणि स्फुरद वाढले की उल्वासारखे हिरवे शैवाल झपाट्याने पसरते. २००८ मध्ये चीनमधील चिंगदाओ येथे ऑलिम्पिक नौकानयनाच्या तोंडावर असे शैवाल किनाऱ्यावर अफाट प्रमाणात साचले होते. अशा थराखाली पाणी खेळत नाही. शैवाल कुजू लागले की प्राणवायू संपतो, लोहाची क्षमता अपुरी पडते आणि सल्फाइड गाळातून वर येते. शिंपले व खेकडे मरतात किंवा निघून जातात. थोडे काटक कृमी तेवढे उरतात. नांगरणी थांबल्यामुळे गाळ आणखी गुदमरतो. त्यातच लोहाला चिकटलेले स्फुरद सुटून पाण्यात येते आणि नव्या शैवालाचे खाद्य बनते. असे हे दुष्टचक्र आहे.

आता आपल्या चंद्रपुरातील गोंडकालीन रामाळा तलावाकडे पाहू. गोड्या पाण्यात सल्फेट कमी असल्याने तेथील गाळातून मुख्यतः मिथेनचे बुडबुडे निघतात. पण प्राणवायू हरपण्याची आणि स्फुरद सुटण्याची क्रिया तीच असते. शैवालाची जागा येथे जलपर्णीने घेतली. तिची पाने हवेत असल्यामुळे त्यांतील प्राणवायू हवेत जातो, पाण्याच्या वाट्याला मात्र अंधार येतो. २०२१ मध्ये या तलावाच्या संवर्धनासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी अन्नत्याग सत्याग्रह केला, तेव्हा हा प्रश्न सर्वांसमोर आला.

वरची जलपर्णी काढली की पाणी स्वच्छ दिसते. परंतु सांडपाणी येतच राहिले आणि तळाशी कुजका गाळ तसाच राहिला, तर ती पुन्हा वाढते. उलट, पाण्यात बुडून वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, त्यांतील काही मुळांवाटे गाळालाही देतात. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजातील महिलांनी मामा तलावांतील बेशरम उपटून अशा वनस्पती पुन्हा लावल्या, त्यामागे हेच शहाणपण आहे. तळाशी चरणाऱ्या मृगळासारख्या माशांवर आणि त्या माशांवर अनेक घरांच्या चुली अवलंबून आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : तलावाची पारख करताना पृष्ठभागावर थांबू नका. शिक्षकांच्या सोबतीने काठावरचा मूठभर गाळ पाहा. वरचा थर तपकिरी आहे का? वास कसा येतो? त्यात शिंपले, गोगलगायी, कृमी आढळतात का? या तीन प्रश्नांची उत्तरे दर ऋतूत वहीत नोंदवलीत, तर तलाव सुधारतो आहे की खालावतो आहे, हे तुम्हालाच प्रथम कळेल.