पिल्लं बाजारात सोडण्याआधी

लासूर स्टेशनहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे: घरच्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी.

आधी आमचीच चूक सांगतो. गटातल्या एका ताईंच्या वस्तीवर कुत्री व्याली. सहा पिल्लं झाली. दोन नर लोकांनी लगेच नेले, चार माद्या कुणी घेईना. शेवटी आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही त्या गोणीत घालून बाजारात सोडल्या. दोन गाडीखाली गेल्या. एक जगली, ती पुढच्या वर्षी तिथंच व्याली. ‘मोकाट कुत्री फार झाली’ म्हणून ग्रामसभेत ओरडणाऱ्यांत आम्हीच पुढं होतो. ती आली कुठून, हे मात्र बोललो नाही.

कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की दोन महिन्यांत विते. मांजर तर पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. किती पिल्लांना घरं शोधणार?

बैलाचं खच्चीकरण आपल्याला नवं नाही. इथं डॉक्टर भूल देऊन मादीची गर्भपिशवी व अंडाशय काढतात, नराचे अंडकोष काढतात. साधारण सहा महिन्यांच्या वयात हे करता येतं. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील.

बायका विचारतात, ‘एकदा तरी विऊ द्यावं ना?’ तशी काही गरज नसते. उलट गर्भपिशवीत पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. ‘राखण करील का?’ करील. घर राखणं कुत्र्याच्या स्वभावात असतं, ते ऑपरेशनने जात नाही. नराचं माजावरच्या कुत्रीमागं भटकणं मात्र कमी होतं. ‘पाप लागेल?’ डोळे न उघडलेली पिल्लं उकिरड्यावर टाकणं, हे पाप नाही का?

ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा. नंतर दहा-बारा दिवस टाके चाटू देऊ नका, कोरड्या जागी ठेवा, पळू देऊ नका. सूज, पू किंवा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. नराला लगेच मोकळं सोडू नका. काही आठवडे त्याच्यापासून गाभण राहू शकते. पुढं वजन वाढू नये म्हणून भाकरी बेतानं घाला.

केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. मालक कोण? सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, रोज भाकरी टाकणाऱ्या आपणच.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्या, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रा चावला तर हळद-मिरची लावू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

आमच्या गटानं ठरवलंय: मासिक बैठकीत कुणाकडं किती माद्या आहेत याची यादी करायची. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ऑपरेशनची सोय आणि खर्च विचारायचा. दूर जावं लागलं तर चार-पाच जणींनी मिळून एक गाडी करायची. पैसे कमी पडले तर गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं.

तुमच्या पुढच्या बैठकीतही हा विषय घ्या. आणि यादी करताना पहिलं नाव स्वतःच्या दारातल्या कुत्रीचं लिहा.