घरच्या बालवर्गाचें साहित्य

लहान मुलाला प्रारंभींचें शिक्षण घरींच द्यावें असें एखाद्या कुटुंबानें ठरविलें, कीं पहिला प्रश्न निघतो तो साहित्याचा. बाजारांत रंगीत पेट्या पुष्कळ आहेत. लांकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, अक्षरांचे तक्ते, छापील सरावपुस्तिका हें सर्व एकदम घ्यावयाचें म्हटलें तर मध्यम प्राप्तीच्या घरास तो खर्च जड जातो. मग दोहोंपैकीं एक घडतें. ओढाताण करून पेटी घेतली जाते व चार दिवसांनीं ती कपाटावर जाऊन बसते. किंवा पेटी घेतां येत नाहीं म्हणून शिक्षणच लांबणीवर पडतें. दोन्ही प्रकारांत नुकसान मुलाचेंच होतें.

पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेनें जाणवतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढें मोटारी, यंत्रें व त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने आले. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. त्यानंतर ही वाढ नाशिकच्या रस्त्यानें चाकणपर्यंत पोंचली. येथील कुटुंबें बहुधा बाहेरगांवाहून आलेलीं असतात. आजी-आजोबा गांवीं राहिलेले, वडिलांची पाळी दर आठवड्यास बदलणारी, आईहि पुष्कळदां नोकरींत. अशा घरांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाकरितां पैसा व वेळ दोन्ही मोजूनमापून खर्चावे लागतात. म्हणून शिक्षणसाहित्याची खरी किंमत कशांत आहे, हें आधीं समजून घेणें अगत्याचें ठरतें.

१९०७ सालच्या जानेवारींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें, तें रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत. तेथील मुलेंहि दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांचींच होतीं. त्यांच्यासाठीं सिद्ध झालेलें साहित्य आज महागड्या शाळांची खूण समजलें जातें, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. त्या साहित्यांतील गुलाबी मनोरा प्रसिद्ध आहे. त्यांत दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू एक सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची दहा. सर्वांचा रंग एकच, आकृति एकच. भेद केवळ लहानमोठेपणाचा. त्यामुळें मुलाचें लक्ष त्या एकाच गुणावर खिळतें. दुसरें साधन दट्ट्यांच्या ठोकळ्यांचें. प्रत्येक दट्ट्या त्याच्याच खांचेंत नीट बसतो. एक जरी चुकला, तरी शेवटीं एक दट्ट्या उरतो आणि चूक झाली हें मोठ्यांनीं न सांगतांच मुलाला कळतें.

या दोन उदाहरणांवरून चांगल्या साहित्याचीं तीन लक्षणें हातीं येतात. वस्तूनें एका वेळीं एकच गोष्ट शिकवावी. चूक वस्तूनेंच दाखवावी. आणि ती वस्तु मुलाला स्वतः उचलतां, वापरतां व जागेवर परत ठेवतां यावी. हे गुण रंगांत नाहींत, गुळगुळीत लांकडांत नाहींत आणि छापील नांवांतहि नाहींत. ते मांडणींत आहेत, आणि मांडणी घरींहि करतां येते.

हें केवळ तर्कानें सिद्ध होणारें नव्हे. आपल्याकडे तें प्रत्यक्ष करून दाखविलें गेलें आहे. १९२० सालीं गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें. तेथें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं समुद्रकांठच्या बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शहरांतील शिशुशाळेचें साहित्य तेथें परवडणारें नव्हतें. तेव्हां शिंपले, खडे, बिया, पानें, काड्या व माती हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तर शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणांत नेण्यांत आली. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या बालविकास योजनेंतील अंगणवाडी हें नांव ज्या कल्पनेची आठवण देतें, ती या कार्यांतूनच रुजली होती.

दुसरें उदाहरण खुद्द पिंपरीच्या कारखान्याशीं निगडित आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.मधून अभियंते होऊन टेल्कोंत नोकरीस लागले. १९७८ सालीं वर्षभराची रजा घेऊन ते मध्यप्रदेशांत होशंगाबाद भागांत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यांत गेले. तेथें आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून त्यांनीं आकृति जोडण्याचें साधन तयार केलें. नळीचे लहान तुकडे करून त्यांत गूल खरवडलेल्या काड्या खोंचल्या, कीं त्रिकोण होतो, चौकोन होतो. चौकोन बोटानें दाबला तर कलतो. त्रिकोण मात्र तसाच ठाम राहतो. कारखान्याच्या छपराच्या कैच्यांत त्रिकोण कां असतात, याचें उत्तर पांच-सहा वर्षांच्या मुलास तेथेंच बोटांनीं कळतें. पुढें पुण्याच्या आयुका या संस्थेंतील बालविज्ञानकेंद्रांत त्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणीं केलीं. त्यांची कृति व पुष्कळ पुस्तकें इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात, मराठींतहि मिळतात.

आतां घरांत काय करतां येईल तें पाहूं. हात व डोळा यांच्या शिक्षणासाठीं स्वयंपाकघर हें सर्वांत संपन्न भांडार आहे. एकांत एक बसणाऱ्या डब्यांचा संच म्हणजे घरचा गुलाबी मनोराच होय. सहा-सात निरनिराळ्या मापांच्या बरण्या व त्यांचीं झांकणें वेगळीं करून ठेवलीं, तर दट्ट्यांच्या ठोकळ्यांचें कार्य होतें. चुकीचें झांकण बसतच नाहीं. हरभरा, राजमा व वाल एकत्र करून तीन वाट्यांत निवडावयास द्यावेत. सारख्या डब्यांच्या दोन-दोन जोड्या करून एका जोडींत तांदूळ व दुसरींत खडे घालावेत आणि हलवून, आवाज ऐकून मुलानें जोड्या लावाव्यात. चिमट्यानें सुपाऱ्या एका वाटींतून दुसरींत नेणें हा पुढें लेखणी धरणाऱ्या बोटांचा उत्तम व्यायाम आहे.

अंकांसाठीं चिंचोक्यासारखें साधन नाहीं. पांच चिंचोके फोडून त्यांचीं अर्धीं दळें घ्यावींत. एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. हींच दळें पूर्वीं सोंगट्यांच्या खेळांत फांशांचें काम करीत. तीं मुठींत खुळखुळवून टाकावयाचीं व पांढरीं किती, काळीं किती तें मोजावयाचें. कधीं दोन व तीन, कधीं चार व एक, कधीं पांचहि पांढरीं. पांच ही संख्या किती प्रकारें फुटते हें मूल पाढ्याविना व धाकाविना शिकतें. पुढें दशकाची कल्पना द्यावयाची असेल तेव्हां खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून घ्यावेत. दहा हिरांची जुडी दोऱ्यानें बांधली कीं एक दशक. दहा जुड्यांचा भारा म्हणजे शतक. तेवीस म्हणजे दोन जुड्या व तीन सुटे हीर, हें हातानें उचललेल्या मुलास आंकड्यांची उलटापालट सहसा होत नाहीं.

अक्षरांसाठीं खरखरीत पाट्या कराव्यात. काचकागद, ज्याला हार्डवेअरच्या दुकानांत पॉलिश पेपर म्हणतात, त्याची बारीक जात घेऊन अक्षरें कापून पुठ्ठ्यावर चिकटवावींत. मुलानें दोन बोटें त्यावरून लिहिण्याच्या दिशेनें फिरवावींत व अक्षराचा ध्वनि उच्चारावा. मुळाक्षरें क्रमानेंच शिकविलीं पाहिजेत असें नाहीं. ग, म, न या तीनच अक्षरांपासून मन, मग, नग, गगन, नमन, मगन एवढे शब्द बनतात. तीन पाट्या झाल्या त्याच दिवशीं मूल वाचूं लागतें, आणि आपण वाचतों हा आत्मविश्वास कोणत्याहि रंगीत पेटींत विकत मिळत नाहीं. व, ब, क यांचें गोल वळण एकच असल्यानें हीं अक्षरें पुढें एकत्र घ्यावींत.

या पट्ट्यांत आणखी एक साधनसंपत्ति आहे: कारखान्यांचीं व गोदामांचीं टाकाऊ खोकीं. जाड पुठ्ठ्याचें कोरें खोकें हें बसण्याचें मेज, बाहुलीघर, अक्षरांच्या पाट्या असें कांहींहि होऊं शकतें. परंतु निवड सावधपणें केली पाहिजे. तेल किंवा रसायन लागलेला पुठ्ठा, रसायनांचे डबे व पिंपें घरांत आणूं नयेत. खोक्याच्या लोखंडी पिना आधीं काढाव्यात. थर्माकोलचे कण गळतात, म्हणून तें लहान मुलांस देऊं नये. परदेशच्या मालाच्या लांकडी पॅलेटवर एक शिक्का असतो. त्यांत रोमन लिपींत एच.टी. हीं अक्षरें असल्यास लांकूड केवळ उष्णतेनें निर्जंतुक केलेलें असतें, एम.बी. असल्यास त्यावर मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. असें लांकूड मुलांच्या वस्तूंस घेऊं नये. तसेंच तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं बिया, मणी, चिंचोके मुळींच देऊं नयेत. मोठ्या मुलासहि तीं जवळ बसूनच द्यावींत. गुंजा दिसावयास सुंदर, परंतु अत्यंत विषारी. त्या मोजणीच्या डब्यांत नकोत.

पुस्तकांवर मात्र थोडा पैसा खर्चावा. तरी तेथेंहि फुकट मिळण्यासारखें पुष्कळ आहे. १९६७ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेतां येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा वाचावयास व छापून घ्यावयास मोकळ्या आहेत. नॅशनल बुक ट्रस्टचीं बालपुस्तकें अल्प मोलाचीं असतात. माधुरी पुरंदरे यांचीं सचित्र पुस्तकें एकदां घेतलीं तर भावंडांना व शेजाऱ्यांच्या मुलांनाहि पुरतात. एका इमारतींतील चार कुटुंबांनीं प्रत्येकीं तीन पुस्तकें घेऊन फिरतीं ठेवलीं, तर तिघांच्या खर्चांत बारांचें वाचन होतें. यांशिवाय दगडी पाटी, बोथट टोकाची कात्री, मेणाचे खडू व डिंक एवढें घेतलें म्हणजे विकत घेण्याची यादी संपते.

मग खरा खर्च कोणता? तो वेळेचा. वस्तु एकदां दाखवावी लागते, तीहि सावकाश व थोड्या शब्दांत. नंतर मूल करीत असतां गप्प बसून पाहावें लागतें. सर्व साहित्य एकदम मांडूं नये. चार-पांच वस्तु खालच्या फळीवर ठेवाव्यात, बाकीच्या आंत ठेवून आठवड्यानें बदलाव्यात. रात्रपाळीहून आलेल्या पित्याला सकाळीं विश्रांति हवी असते; त्यानें झोपून उठल्यावर अर्धा तास दिला, तरी पुरे. जेथें तेवढाहि वेळ सांपडत नाहीं, तेथें जवळच्या अंगणवाडीचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं. सकाळीं तेथें चार मुलांची संगत आणि सायंकाळीं घरचे चिंचोके, असा मेळ उत्तम बसतो.

एक मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. सहाव्या वर्षापूर्वीं शाळेची सक्ति नाहीं, म्हणून हीं आधींचीं तीन वर्षें घरच्या शिक्षणास मोकळीं आहेत. तीं महागडा वर्ग परवडला नाहीं या खंतींत घालविण्याचें कारण नाहीं.

ज्या घरांत बरण्यांचीं झांकणें आहेत, खराट्याचे हीर आहेत, आणि मुलाजवळ अर्धा तास बसणारें एक माणूस आहे, त्या घरांत बालवर्गाचें साहित्य आधींपासूनच आहे. तें मुलाच्या उंचीच्या फळीवर आणून मांडणें, एवढेंच बाकी असतें.