खेळाडूवरील आरोप आणि संघाचे कर्तव्य

एखाद्या महाविद्यालयाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत येऊन पोचला आहे, सामना चार दिवसांवर आला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी संघातील नामांकित खेळाडूविरुद्ध एक विद्यार्थिनी गैरवर्तनाची तक्रार घेऊन येते. अशा वेळी संघाने काय करावे? हा प्रश्न चारचौघांत विचारला की दोन उत्तरे ताबडतोब येतात. एक पक्ष म्हणतो, "असल्या मुलाला आजच्या आज काढून टाका." दुसरा म्हणतो, "आरोप काय, कोणीही करील. शाबीत होईपर्यंत खेळू द्या." दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. अमेरिकेतील दोन विद्यापीठांनी ही दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष अजमावून पाहिली व दोघांचेही हात पोळले. त्यांची हकिगत पाहिली म्हणजे तिसरे, थोडे अवघड परंतु खरे उत्तर कोठे शोधावे हे आपल्या ध्यानात येईल.

उदाहरणे अमेरिकेचीच का, असे कोणी विचारील. आपल्याकडे महाविद्यालयीन सामना म्हटला म्हणजे जिमखान्याचे मैदान आणि दोनतीनशे प्रेक्षक एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. तिकडे विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला पन्नास हजार, कोठे कोठे लाखभर माणसे जमतात; प्रक्षेपणाच्या हक्कांतून अमाप पैसा मिळतो; आणि पुष्कळ राज्यांत विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा पगार त्या राज्याच्या गव्हर्नरच्या पगाराच्या कितीतरी पट असतो. जेथे पैसा व प्रतिष्ठा यांचा एवढा दाब आहे तेथे न्यायाचा काटा कसा व कोणत्या बाजूस झुकतो हे स्पष्ट दिसते. त्यातच १९७२ साली तेथे 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेदावरून कोणाची हानी होता कामा नये, असा त्याचा आशय. न्यायालयांनी पुढे लैंगिक छळाचाही त्यात समावेश केला. त्यामुळे तक्रार माहीत असून स्वस्थ बसणारी संस्था तेथे स्वतःच जबाबदार ठरू शकते.

पहिली हकिगत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाची. लॅक्रॉस म्हणून एक खेळ आहे. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलावयाचा व फेकावयाचा. २००६ च्या मार्चमध्ये ड्यूकच्या लॅक्रॉस संघातील मुलांनी एका घरी मेजवानी केली व पैसे देऊन दोन नर्तकी बोलावल्या. त्यांपैकी एकीने आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार केली. ती कृष्णवर्णीय होती. संघ जवळजवळ सगळा गोऱ्या मुलांचा. गाव पेटले, वृत्तपत्रे पेटली. ५ एप्रिल रोजी प्रशिक्षक माइक प्रेसलर यांना राजीनामा देणे भाग पडले, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ब्रॉडहेड यांनी संघाचे त्या हंगामातील उरलेले सर्व सामने रद्द केले. त्या दिवसापर्यंत एकाही खेळाडूवर दोषारोप दाखल झालेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे तिघांवर खटला झाला. सरकारी वकील माइक निफाँग यांची निवडणूक तोंडावर आली होती. ओळख पटविण्यासाठी त्या स्त्रीला जी छायाचित्रे दाखविली ती सगळी याच संघातील खेळाडूंची होती. म्हणजे कोणाही छायाचित्रावर बोट ठेवले तरी आरोपी सापडावा अशीच ती व्यवस्था! जनुकीय तपासणीतील खेळाडूंना अनुकूल असे निष्कर्ष बचावपक्षाला कळू दिले गेले नाहीत. शेवटी ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी खटला काढून घेतला आणि ते तिघे निर्दोष आहेत असे स्पष्ट शब्दांत जाहीर केले. निफाँग यांची वकिलीची सनद गेली. त्याच वर्षी ब्रॉडहेड यांनी जाहीर क्षमायाचना केली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या स्त्रीनेही आपण खोटे बोललो होतो, अशी कबुली दिली.

या संघातील मुले धुतल्या तांदळासारखी होती असे मात्र नव्हे. मद्यपानाच्या बेशिस्तीच्या तक्रारी त्यांच्याविरुद्ध पूर्वीपासून होत्या, आणि ती मेजवानीही काही भूषणास्पद नव्हती. त्याबद्दल शिस्तीची शिक्षा करण्यास विद्यापीठाला कोणाचीच आडकाठी नव्हती, कारण ती गोष्ट मान्यच होती. परंतु जे मान्य होते त्याची शिक्षा आणि जे सिद्ध व्हावयाचे होते त्याची शिक्षा यांची तेथे सरमिसळ झाली.

ही एकच गोष्ट ऐकून जो उठून जाईल तो "तक्रारी खोट्याच असतात" असा निष्कर्ष घेऊन जाईल, आणि तो फार मोठी चूक करील. म्हणून दुसरी हकिगत तितक्याच लक्षपूर्वक ऐकली पाहिजे.

टेक्सास राज्यात वेको येथे बेलर हे धर्मनिष्ठ बॅप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ आहे. तेथील फुटबॉल संघ वर्षानुवर्षे दुबळा होता. आर्ट ब्राइल्स हे प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाचे भाग्य पालटले. २०१३ साली संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले, आणि २०१४ साली कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेले नवे क्रीडांगण उभे राहिले. त्याच २०१४ च्या जानेवारीत या संघातील एका माजी खेळाडूला बलात्काराबद्दल वीस वर्षांची कैद झाली होती. मागून आणखी तक्रारी बाहेर येत गेल्या. अखेर विद्यापीठाने बाहेरच्या वकीलसंस्थेकडून चौकशी करविली, आणि तिचे निष्कर्ष २६ मे २०१६ रोजी प्रसिद्ध झाले.

ते निष्कर्ष वाचताना मन विषण्ण होते. फुटबॉल विभागातील माणसांना तक्रारी ठाऊक होत्या, परंतु त्यांनी त्या विद्यापीठाच्या शिस्तयंत्रणेकडे पाठविल्या नाहीत. कसलेही शिक्षण नसताना त्यांनी आपल्यापुरत्या खाजगी चौकश्या केल्या. काही प्रसंगी तक्रारदार मुलीला किंवा तिच्या पालकांना ते स्वतःच भेटले आणि पुढे कोणालाही कळविले नाही. विद्यापीठाच्या काही अधिकाऱ्यांनी तर मुलींना तक्रारीपासून परावृत्त केले. ज्यांच्यावर विश्वास टाकून मुलगी पुढे आली त्यांनीच वाट अडवली. कुंपणानेच शेत खाल्ले. ब्राइल्स यांना जावे लागले. एकेकाळी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या चौकशीमुळे जगभर गाजलेले केनेथ स्टार हे तेथील अध्यक्ष होते. त्यांचेही पद गेले. पण त्या मुलींची गेलेली वर्षे कोण परत देणार? आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२१ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने असा निर्णय दिला की, अत्याचाराच्या तक्रारी न कळविल्याबद्दल बेलरने संघटनेचा नियम मोडला असे म्हणता येत नाही. खेळाच्या नियमपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही, हे यावरून उघड होते.

आता या दोन हकिगती शेजारी ठेवून पाहा. एकीकडे घाई झाली, दुसरीकडे डोळेझाक. पण दोन्ही रोगांचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी पहिला निर्णय सत्याकडे पाहून झाला नाही. तो संस्थेच्या अब्रूकडे पाहून झाला. ड्यूकला लोकक्षोभाची भीती होती, म्हणून मुले दूर लोटली. बेलरला विजयाचा मोह होता, म्हणून मुली दूर लोटल्या. यावरून आमचा मुख्य सिद्धान्त असा की, ज्याच्या हाती संघ आहे त्याच्या हाती न्यायाचा काटा असू नये. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रकरणी रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवून पुणे सोडले, ही गोष्ट आपणा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. परंतु प्रत्येक क्रीडाशिक्षक रामशास्त्री असेल असे धरून नियम करता येत नाहीत. सामान्य माणसाच्या हातूनही न्याय व्हावा, अशीच व्यवस्था करावी लागते.

ही व्यवस्था कशी असावी? पहिली गोष्ट, प्रशिक्षकाने चौकशी करावयाची नाही. तक्रार कानी पडताच ती त्याच दिवशी, लेखी, संघाबाहेरील नेमलेल्या समितीकडे द्यावी आणि आपण बाजूस व्हावे. "आधी मी मुलांना विचारून पाहतो," हे वाक्य कितीही सद्भावनेचे असले तरी घातक आहे. प्रशिक्षकाने विचारले की सारा संघ सावध होतो. भ्रमणध्वनीवरील निरोप पुसले जातात. सगळ्यांची एकच कहाणी तयार होते. आणि तक्रार करणारीचे नाव संध्याकाळपर्यंत वसतिगृहभर होते.

दुसरी गोष्ट, तक्रारदाराला निकालाची वाट न पाहता संरक्षण व आधार मिळाला पाहिजे. तिची परीक्षा, तिचे वसतिगृह, तिचा सराव यांत अडथळा येऊ नये. वेळ किंवा जागा बदलावी लागली तर तो बदल शक्यतो तिच्या माथी मारू नये. संघातील इतरांनी तिला टोमणे मारणे, बहिष्कार घालणे हा स्वतंत्र अपराध समजावा.

तिसरी गोष्ट, तात्पुरते बाजूला ठेवणे आणि शिक्षा यांत भेद करावा. धोका खरा असेल तर चौकशीपर्यंत खेळाडूला संघाबाहेर ठेवणे योग्यच आहे. मात्र त्याची कारणे लेखी द्यावीत, त्याचे म्हणणे ऐकावे आणि फेरविचाराची तारीख ठरवावी. इलिनॉय विद्यापीठाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये एका बास्केटबॉलपटूला आरोपामुळे संघातून स्थगित केले. त्याने न्यायालयात दाद मागितली, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांच्या अंतरिम आदेशाने तो संघात परत आला. त्याच वर्षी जूनमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. तात्पुरता निर्णयसुद्धा तरुणाच्या भवितव्यावर घाला घालू शकतो, म्हणून त्यालाही रीत हवी. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते: हाच आरोप न खेळणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यावर असता तर आपण काय केले असते? कर्णधार असो की राखीव गडी, तेवढेच करावे; त्याहून कमीही नको आणि अधिकही नको.

चौथी गोष्ट, चौकशीत आरोपीला आरोप पूर्णपणे कळावा, पुरावा पाहावयास मिळावा, उत्तराला वेळ मिळावा. तपास करणारा, निर्णय देणारा आणि अपील ऐकणारा ही माणसे वेगवेगळी असावीत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फौजदारी न्यायालयाला तुरुंगात टाकावयाचे असते, म्हणून ते निःसंशय पुरावा मागते; संस्थेला आपल्या आवारात कोणी कसे राहावे एवढेच ठरवावयाचे असते, म्हणून तिचे प्रमाण वेगळे असू शकते. तसेच तक्रार सिद्ध झाली नाही याचा अर्थ ती खोटी होती असा होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणे ही निराळी बाब असून तीही स्वतंत्रपणे सिद्धच करावी लागते.

पाचवी गोष्ट, निकाल लागेपर्यंत संघाने कमी बोलावे. "तो माझ्या मुलासारखा आहे, तो असे करणार नाही," असे प्रशिक्षक बोलला की पुढची मुलगी कधीच पुढे येत नाही. "या मुलाने आमच्या तोंडाला काळे फासले," असे बोलला की निर्दोष मुलगा जन्मभर तो डाग वागवतो. तक्रार आली आहे, ती योग्य ठिकाणी दिली आहे, एवढेच सांगणे पुरेसे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. नव्या खेळाडूला 'संघात घेताना' जो छळ थट्टेच्या नावाखाली चालतो तोही यात येऊ शकतो, हे पुष्कळ कर्णधारांच्या गावीही नसते. लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ प्राध्यापिका, एक सदस्य संस्थेबाहेरचा, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी, आणि चौकशीला नव्वद दिवसांची मुदत, अशी ही योजना आहे. विशेष म्हणजे कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांच्यासारख्या अधिकारपदावरील व्यक्तींनी या समितीवर असू नये असे विनियमच सांगतो. ज्याच्या हाती कारभार त्याच्या हाती काटा नको, हे तत्त्व आपण कागदावर मान्य केलेलेच आहे.

उणीव आहे ती कागद आणि मैदान यांच्यामधील अंतराची. खेळणाऱ्या मुलीला त्या समितीवर कोण आहे हे ठाऊक नसते. तिला ठाऊक असतात ते आपले सर. संघात घेणारे तेच, वगळणारे तेच, प्रमाणपत्रासाठी शिफारस करणारे तेच. आपल्या राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात. म्हणजे त्या प्रमाणपत्रावर एखाद्या गरीब घराची भाकरी अवलंबून असू शकते. अशा ठिकाणी बोलणे तिलाही जड जाते आणि खोट्या आरोपाचा घाव त्यालाही तितकाच खोल बसतो. म्हणून आमची सूचना अगदी छोटी आहे. हंगामाच्या पहिल्या सरावाच्या दिवशी, नाणेफेकीच्या कितीतरी आधी, सरांनी मुलामुलींना एकत्र बसवून समितीच्या सदस्यांची नावे वाचून दाखवावीत आणि सांगावे: तक्रार असेल तर यांच्याकडे जा. माझ्याकडे आलात तरी मी तुम्हांला यांच्याकडेच नेईन, आणि यांचा निर्णय येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. याला पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. पाच मिनिटे लागतात. आपली मुले ज्या महाविद्यालयांतून खेळतात तेथे ही पाच मिनिटे दिली जातात की नाही, एवढे तरी आपण पालक म्हणून उद्या विचारून पाहावे.