शाळा बंद केल्याने खरंच पैसे वाचतात का?

समजा, तुम्ही एका शहराच्या शालेय मंडळावर निवडून आलात. पहिल्याच बैठकीत अधिकारी सांगतात की पुढच्या वर्षी तिजोरीत मोठी तूट येणार आहे. पटसंख्या घटलीय, निम्म्या शाळांत वर्ग रिकामे आहेत. मग कुणीतरी म्हणतं, "दहा-पंधरा शाळा बंद करून टाका, प्रश्न मिटला." ऐकायला सोपं वाटतं. पण शिक्षणाच्या अर्थशास्त्रावर काम करणाऱ्यांनी हे गणित तपासलं, तेव्हा उत्तर बरंच वेगळं आलं. आज तेच समजून घेऊ.

ही वेळ अमेरिकेत सध्या अनेक मंडळांवर आलीय. तिथे शाळा चालवतात स्थानिक जिल्हे, आणि बहुतेक ठिकाणी मंडळ मतदार निवडून देतात. कोविडच्या काळात केंद्र सरकारने शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९ हजार कोटी डॉलर दिले. ते वापरण्याची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपत आली. पैसा एकदाच मिळणारा होता, पण अनेक जिल्ह्यांनी त्यातून कायमची माणसं नेमली. त्यातच मुलांची संख्या घटली, आणि अनुदान तर डोक्यामागे मिळतं!

पगार सोडून उरतं काय?

शाळेच्या वार्षिक खर्चातला साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग पगार आणि भत्त्यांवर जातो. म्हणजे वीज, कागद, प्रवास यांत कितीही काटकसर केली तरी मोठी तूट भरून निघत नाही. शिलकीतून एखादं वर्ष निभावता येतं, पण तूट दरवर्षीची असेल तर पुढच्या वर्षी ती पुन्हा दारात उभी. म्हणून पहिला प्रश्न हा: तूट एकदाची आहे की कायमची? दोन्हींचं औषध वेगळं आहे.

सरासरी खर्च आणि वाचणारा खर्च

आता मुख्य गंमत. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे मनाने घेतलेत. एका शाळेत ३०० मुलं आहेत, प्रत्येकावर वर्षाला १५ हजार डॉलर खर्च होतात. एकूण ४५ लाख. शाळा बंद केली की ४५ लाख वाचले?

नाही. मुलं कुठेतरी शिकणारच, आणि त्यांच्यामागे बहुतेक शिक्षकही दुसऱ्या शाळेत जाणार. वाचतो तो मुख्याध्यापक, कार्यालय, साफसफाई, वीज यांचा खर्च. समजा तो १० लाख. त्यातून जास्तीच्या बस आणि रिकाम्या इमारतीची राखण यांचे २ लाख वजा करा. उरले ८. आता वैतागून २० मुलांनी खासगी शाळा गाठली, तर त्यांचं अनुदानही गेलं. तेही डोक्यामागे १५ हजार धरलं तर आणखी ३ लाख गेले. हाती उरले ५ लाख. पंचेचाळीसचे पाच झाले!

हे फक्त कागदावरचं नाही. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या संस्थेने २०११ मध्ये सहा मोठ्या शहरांतल्या शाळाबंदीचा अभ्यास केला. एका शाळेमागे वर्षाला साधारण १० लाख डॉलरपेक्षा कमीच बचत झाली होती. मोठी बचत तिथेच दिसली, जिथे सोबत मोठी नोकरकपात झाली. थोडक्यात, इमारत बंद केल्याने फारसं वाचत नाही, माणसं कमी केल्याने वाचतं.

सिअॅटलचं उदाहरण बघा. तूट होती १० कोटी डॉलरच्या घरात. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने दोन पर्याय मांडले: २१ किंवा १७ प्राथमिक शाळा बंद करणं. मोठ्या पर्यायातूनही तीन कोटींच्या आसपासच वाचणार होते. पालक खवळले, यादी चार शाळांवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तीही मागे घेतली गेली. शाळा वाचल्या, तूट मात्र तिथेच राहिली.

मुलांचं काय होतं?

शिकागोने २०१३ मध्ये सुमारे ५० शाळा एकदम बंद केल्या. त्यात बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. बंदीची घोषणा झाली त्याच वर्षी मुलांचे गुण घसरले होते, म्हणजे शाळा बदलायच्या आधीच! गणितातला परिणाम पुढे काही वर्षं टिकला.

नोकरकपातीतही एक मेख आहे. अनेक ठिकाणी शेवटी आलेला आधी जातो. नव्या शिक्षकांचा पगार कमी, म्हणून तेवढेच पैसे वाचवायला जास्त शिक्षक काढावे लागतात. आणि नवे शिक्षक बहुधा गरीब वस्तीतल्या शाळांत जास्त असतात. नियम सगळ्यांना सारखा, पण फटका सारखा नाही.

आपल्याकडे?

महाराष्ट्रात २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून जास्त होत्या. इथे वरचंच गणित वेगळं उत्तर देतं. १२ मुलं आणि दोन शिक्षक असतील, तर ती मुलं शेजारच्या गावातल्या वर्गात सहज मावतात आणि दोन पगार खरंच मोकळे होतात. पण खर्च नाहीसा होत नाही, तो पालकांकडे सरकतो. पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांच्या मुलीला कोण पोचवणार? शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरची मर्यादा घातली, ती याचसाठी.

म्हणून मंडळ असो की मंत्रालय, बंदीचा प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारा. सरासरी खर्च सांगताय की खरोखर वाचणारा? वाचलेले पैसे कोणाच्या खिशातून येतायत? आणि बंदीनंतर मुलं कुठे गेली, हे कोण मोजणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कोणी नाही' असेल, तर बचतीचा आकडा अजून अर्धवटच आहे.

तुमच्या गावातली एखादी शाळा अशी बंद झाली असेल, तर तिथली मुलं आता कुठे शिकतात, हे जरूर कळवा.