घडीच्या वर काय?

पारोळ्याशेजारच्या अमळनेरात, प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. छापील नव्हे, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. ‘वर्तमानपत्राचं पहिलं पान बनवा’ हा आजचा वर्गातला उपक्रम त्याच घराण्यातला. फक्त लेखणी मुलांकडे.

लागतं काय? कार्डशीट, पट्टी, पेन्सिल. वर पेपरचं नाव, त्याखाली तारीख, वार, किंमत. आठ कॉलम आखले की खरी भांडणं सुरू होतात: घडीच्या वर, पेपर दुमडला तरी दिसेल अशी बातमी कोणती?

विषय गावातलाच घ्यावा. पारोळ्याचा भुईकोट जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. त्या वर्षाचा पेपर काढायचा. मुलं आधी लिहितात, ‘आमच्या गावात एक किल्ला आहे.’ हा झाला निबंध. ‘पारोळ्यात भुईकोट उभा’ ही बातमी. कोणी, कुठे, कधी हे पहिल्या वाक्यातच यावं. शेपूट जागेअभावी कापलं तरी बिघडू नये.

पहिलं मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’ तर १८३२ चं, मग १७२७ ला पेपर कुठला, असं एखादी हुशार मुलगी विचारतेच. कोपऱ्यात मोबाइलची जाहिरात चिकटवणाराही निघतो. ती का काढायची, हे त्यालाच वर्गापुढे सांगायला लावावं.