चौदा नंबरची खोली

सॉकेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे तीन भोकांचे चौकोनी तोंड येते. इस्त्री लावायची की मिक्सर, एवढाच काय तो प्रश्न. परंतु संगणकाच्या पोटातही सॉकेट असतात. ती दिसत नाहीत, पण तुमच्या-आमच्या खिशातला फोन दिवसभर त्यांची उघडझाप करीत असतो. एखाद्या प्रोग्रामला बाहेरच्या जगाशी बोलायचे झाले, म्हणजे तो संगणकाच्या मूळ कारभाऱ्याकडे, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमकडे, एक सॉकेट मागतो आणि त्याबरोबर दोन-चार फर्माइशीही करतो. उत्तर पाच सेकंदांत आले नाही तर मला सांग. निरोप कोणत्या क्षणी आला ते टिपून ठेव. एकच निरोप सगळ्या आळीला ओरडून सांगायची मुभा दे. या फर्माइशींना सॉकेट ऑप्शन म्हणतात, आणि चाळीतल्या खोल्यांसारखे प्रत्येकीला नंबर असतात.

मी साताऱ्यास मराठी शिकवतो, तेव्हा या खोल्यांशी माझा संबंध यायचे खरे पाहता कारण नव्हते. तो आणला माझ्या भाच्याने. माझी बहीण सांगलीला असते. तिचा मुलगा घरी बसून एका पुण्याच्या कंपनीचे काम करतो. खेडोपाडी दूध गोळा करण्याच्या केंद्रांवर फॅट आणि लिटर टिपून घेणारी जी यंत्रे असतात, त्यांचा हिशेब डेअरीपर्यंत पोचवणारी प्रणाली त्याच्याकडे आहे. गणपतीत गेलो, तर पोरगा डोळे तांबारून बसलेला.

"मामा, जुने ऑप्शन काढून टाकायचा हुकूम आलाय वरून," तो म्हणाला.

"मग काढ की!" स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली. "मी नाही दिवाळीच्या आधी माळा झाडत?"

"आई, माळ्यावरची कुठली बरणी कोणाला लागते हे तुला ठाऊक असतं. माझी बरणी कुठल्या गावात कोण वापरतंय, हे मला कसं कळणार?"

प्रश्न रास्त होता. मग त्याने मला चौदा नंबरची कथा सांगितली, आणि मी पुढचे दोन दिवस तिच्यातच गुंतलो.

ही सॉकेटची कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची. १९८३ साली तिथून युनिक्सची जी आवृत्ती निघाली, तिच्याबरोबर ती जगभर गेली. पुढे १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा घाट घातला आणि सॉकेटची रीत बर्कलीचीच उचलली. (आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी आज हेच लिनक्स आहे.) पण रीत एक असली तरी वळण निराळे. समजा, आपण एक पत्र टाकले आणि त्या पत्त्यावर घेणारा कोणी नसला, तर शेरा मारून ते परत येते. बर्कलीच्या घराण्यात असे परतलेले पत्र सहसा प्रोग्रामच्या हाती देत नसत. लिनक्स मात्र ते इमानाने आणून देई. बर्कलीच्या वळणावर वाढलेले प्रोग्राम लिनक्सवर आले आणि ही परतीची पत्रे पाहून बावरले. त्यांच्यासाठी एक सोय केली गेली, तीच चौदा नंबरची खोली. नाव 'एसओ-बीएसडीकॉम्पॅट'. अर्थ इतकाच, की बाबा, माझी परत आलेली पत्रे मला दाखवू नकोस. बर्कलीच्या चुकांसकट बर्कलीसारखे वाग, असाही अर्थ करता येईल.

आता या सोयीचे पुढे काय झाले पाहा. १९९६ च्या २.० या आवृत्तीत ती होती. १९९९ च्या २.२ मध्ये तिचे काही काम काढून घेतले. जानेवारी २००१ मध्ये २.४ आली. तिच्यात कोणी चौदा नंबर मागितला की कारभारी मान डोलावी, आणि करी काहीच नाही! डिसेंबर २००३ मध्ये २.६ आली आणि तेव्हापासून कारभारी आपल्या रोजवहीत लिहू लागला, की अमका प्रोग्राम कालबाह्य ऑप्शन वापरीत आहे. या वहीत ज्याचे नाव पुनःपुन्हा झळकले तो कोण? 'नेम-डी', म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणारा जुना, प्रतिष्ठित प्रोग्राम. पंक्तीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या पाहुण्यालाच वाढप्याने सांगावे, की आजोबा, हा पदार्थ आम्ही केव्हाच बंद केला!

मला यात एक खटकते. आधी दवंडी पिटायची आणि मग दार लावायचे, हा जगाचा शिरस्ता. इथे दार आधी लागले आणि दवंडी जवळजवळ तीन वर्षांनी पिटली. चौदा नंबरने फार कोणाचे बिघडले नसेलही. पण मान डोलावून काम न करणे हा प्रकार मला सरळ नकारापेक्षा वाईट वाटतो. नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट शोधतो.

सांगलीकरांना हे वेगळे समजावायला नको. कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी मोजतात, आणि ते फुटांत सांगतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. आता फूट हे माप आपण अधिकृतपणे केव्हाच मोडीत काढले. कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली. माझी भाची शाळेत मीटरच शिकली. पण पावसाळ्यात बहिणीच्या गल्लीत कोणालाही विचारा, कितव्या फुटाला पाणी कोपऱ्यावर येते, कितव्या फुटाला कोणाच्या पायरीला लागते, हे पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, त्या रात्री या आकड्यांवरूनच कोणी म्हातारी माणसे हलवली, कोणी धान्य वर चढवले. ४५ फूट म्हणजे पावणेचौदा मीटरच्या आसपास. उद्या कोणी शास्त्रशुद्धतेच्या उत्साहात एकाएकी नुसते 'चौदा' सांगू लागले, तर जुन्या लोकांना वाटेल की नदी अजून तळाशी आहे. दोन्ही आकडे शेजारीशेजारी सांगावेत, दहा-वीस पावसाळे जाऊ द्यावेत, मग हवे तर एक गाळावा.

मात्र जुने ते सारे जपावे, असे भाच्याचे मत नाही आणि माझेही नाही. लिनक्समध्ये 'टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल' नावाची एक कळ होती. ती सबंध यंत्राची असे, एकेका सॉकेटची नव्हे. पण जात तीच. सर्व्हरचे काम झटपट होते म्हणून अनेकजण एकमेकांचे पाहून ती दाबून ठेवीत. तिचे गृहीत असे, की एका पत्त्यामागे एकच यंत्र आणि त्याचे एकच घड्याळ. पण आमच्या कॉलेजच्या वसतिगृहासारख्या ठिकाणी पन्नास फोन एकाच बाहेरच्या पत्त्याने बोलतात. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक! पहिल्या बिऱ्हाडाच्या निरोपावर पुढच्या वेळेचा शिक्का, दुसऱ्याच्या निरोपावर मागच्या वेळेचा. ही कळ दाबलेला सर्व्हर दुसऱ्याला शिळा समजून गुपचूप टाकून देई. एका पोराचा परीक्षेचा फॉर्म जावा आणि शेजारच्याचा अडकावा, आणि दोष कोणाचा हे कोणालाच कळू नये. लिनक्सच्या मंडळींनी २०१७ मध्ये ती कळ मुळासकट उपटली. झाले ते उत्तम झाले. हिच्यात चूक वापरणाऱ्याची आणि भुर्दंड तिसऱ्यालाच, मग जपायचे कोणासाठी?

आमच्या मराठीनेही असा एक प्रसंग पाहिला आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. लिहिणाऱ्याने ते देऊ नयेत, एवढेच ठरले. वाचणाऱ्याने ओळखू नयेत असे कोणी म्हटले नाही. म्हणून 'घरांत' आणि 'त्यानें' छापलेले जुने पुस्तक माझा एफ.वाय.चा विद्यार्थी आजही अडखळत का होईना, वाचतो.

लिनक्सवाल्यांना अलीकडे याहून अवघड काम करावे लागले. जुनी बत्तीस बिटांची यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि त्यांची मोजदाद २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वर संपते. तो क्षण येईल १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतील. निरोप केव्हा आला ते टिपणारा सॉकेट ऑप्शनही यात सापडला. मग २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत त्यांनी त्याची जोडी केली. बहुतेक यंत्रांवर जुना राहिला २९ नंबरच्याच खोलीत, नावापुढे 'ओल्ड' लागले. मोठ्या आकड्याचा नवा आला ६३ नंबरला, त्याच्या नावापुढे 'न्यू'. प्रोग्राम लिहिणारा जुनेच साधे नाव लिहितो. नव्या मापाचे यंत्र असेल तर त्याला नवी खोली मिळते. आपल्याकडे १९५७ मध्ये 'नवा पैसा' आला, आणे काही काळ त्याच्याबरोबर चालले, आणि १९६४ मध्ये ते 'नवा' विशेषणही गळून पडले, त्याचीच ही आवृत्ती.

आणि चौदा नंबर? त्याचे काम गेले, पण तो नंबर दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. पुढची सोय पंधरावर गेली. एखादा १९९७ सालचा प्रोग्राम कोठून तरी उठून आला आणि त्याने चौदा मागितला, तर निदान भलत्याच्या घरात तो शिरणार नाही.

भाच्याने शेवटी वरच्यांना लिहिले, की जुना ऑप्शन आत्ता काढत नाही. आधी प्रत्येक यंत्राने तो मागितला की मोजायचे, महिन्याची यादी करायची आणि त्या त्या केंद्राला कळवायचे. मोजणी एक वर्ष, सुगीचा दुधाचा हंगाम धरून. परवा त्याचा फोन आला. यादीत शिराळ्याकडचे एक केंद्र निघाले. कंपनीच्या कागदावर ते यंत्र केव्हाच बदललेले, आणि तिथे रोज पहाटे साडेपाचला तेच जुने दूध मोजते आहे. या रविवारी तो स्वतः जाणार आहे म्हणे. "सेक्रेटरींना फोनवर सगळं सांगितलं," तो म्हणाला, "तर ते म्हणतात, काढा हवं तर, पण मागच्या पगाराचा हिशेब आधी कागदावर उतरवून द्या."